सोयाबीनच्या गाठी: उपटू नका, खणा

प्रश्न थोडक्यात असा. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने चार एकर सोयाबीन, बियाण्याला रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं) पाकीट लावून पेरलं. पस्तीस दिवसांनी रोपं उपटून पाहिली, तर एका झाडाला सहा-सात गाठी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एकही नाही. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, जिवाणू जमिनीत असतातच, पाकीट म्हणजे पैशाची माती. शेजारी म्हणतो, पानं पिवळी पडायला लागलीत, एकरी गोणीभर युरिया फेकून मोकळा हो. पाकीट बोगस होतं का आणि युरिया टाकायचा का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दापाशी मी अडले: 'उपटून'.

काळ्या रानात, त्यातही पाऊस उघडून दोन दिवस झालेले असताना, सोयाबीनचं झाड उपटलं की मुळाची साल सोलल्यासारखी होते आणि गाठी चिखलातच राहतात. गाठ मुळाला चिकटलेली असते ती टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर, ओढ बसली की तुटते. एका शिवारफेरीत एकाच तासातली (पेरणीच्या ओळीतली), हातभर अंतरावरची दोन झाडं आम्ही घेतली. एक शेतमालकाने उपटलं, एक मी खणून काढलं. त्यांच्या हातात तीन गाठी, माझ्या बादलीत पंचवीसच्या वर. ते गृहस्थ माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी गाठी पदरातून आणल्यात.

तेव्हा आधी हे करा. टिकाव किंवा फावडं घ्या, खोडाच्या चारी बाजूंनी वीतभर अंतर सोडून वीतभर खोल खणा आणि ढेकळासकट झाड उचला. ढेकूळ पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा. माती आपोआप सुटते, मग हलक्या हाताने झाड वर काढा. बादलीच्या तळाशीही बघा, पाच-दहा गाठी तिथे सापडतीलच. शेताच्या कडेची झाडं नकोत. आत शिरून तिरपं चालत जा आणि दहा-बारा ठिकाणी एकेक झाड काढा. फुलोऱ्याच्या सुमारास झाडाला पंधरा-वीस चांगल्या गाठी असल्या तरी सोयाबीनचं भागतं, शेकडा लागत नाही. झाड स्वतःच हिशोब ठेवतं. पुरेशा गाठी झाल्या की नव्या गाठींना पानांकडून नकार जातो, कारण त्या पोसायला साखर लागते आणि ती झाडाच्या खिशातून जाते.

आता मोजण्यापेक्षा महत्त्वाचं. धुतलेल्या मुळावरची जाडशी गाठ घ्या आणि नखाने मधोमध फोडा. आत मांसासारखा गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर ती अजून कामाला लागायची आहे किंवा आतले जिवाणू नुसतेच खाऊन बसणारे आहेत. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. पस्तिसाव्या दिवशी लाल दिसायलाच हवा.

हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा आहे, नाव लेगहिमोग्लोबिन. जपानच्या कुबोंनी १९३९ मध्ये तो ओळखला. झाडाला रक्तासारखी वस्तू कशाला हवी? हवेतला नत्र फोडणारं जे विकर गाठीत असतं, नायट्रोजिनेज, त्याला प्राणवायू सोसत नाही, लागला की ते निकामी होतं. पण ते चालवणाऱ्या जिवाणूला जगायला प्राणवायू हवाच. ही अडचण झाडाने अशी सोडवली: प्राणवायू मोकळा फिरू द्यायचा नाही, या लाल द्रव्याच्या पाठीवर बसवून मोजूनमापून जिवाणूच्या दारात पोचवायचा. युरियाच्या कारखान्यात हवेतला नत्र बांधायला चारशे-साडेचारशे अंश तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. तुमच्या रानात तेच काम ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीत, पावसाळ्याच्या गारव्यात चालतं. (हेच सोयाबीनचं लाल द्रव्य यीस्टमध्ये वाढवून अमेरिकेत शाकाहारी बर्गरला मटणासारखा रंग आणि चव द्यायला वापरतात. आपण मात्र गाठ फोडून बघायचा कंटाळा करतो.)

गाठी कुठे आहेत, हेही बघा. सोटमुळावर, खोडाखालच्या दोन-तीन बोटांत गाठींचा घोस असेल तर ते बहुतेक तुम्ही बियाण्याला लावलेल्या जिवाणूंचं काम. कोंब फुटल्यावर पहिलं मूळ तिथूनच गेलं आणि ते तिथे हजर होते. वरचा भाग कोरडा आणि लांबच्या बारीक मुळ्यांवर विखुरलेल्या गाठी असतील तर त्या जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या. पाकीट लागू पडलं की नाही, हे शेतातल्या शेतात कळायला याहून सोपी खूण मला माहीत नाही.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते फसवं आहे. डाळवर्गीय पिकाच्या गाठीत जिवाणू असतात आणि तेच हवेतला नत्र बांधतात, हे जर्मनीत हेलरिगेल यांनी १८८६ मध्ये जाहीर केलं. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंक यांनी हे जिवाणू गाठीतून वेगळे काढले. हे बायरिंक तेव्हा डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरीला होते. आपल्याकडे कारण माहीत नव्हतं पण परिणाम ठाऊक होता, तुरीचा बेवड, हरभऱ्याचा बेवड (आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी सुधारून ठेवलेली जमीन) हे शब्द काही प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. तूर, मूग, उडीद, चवळी ही पिकं पिढ्यान् पिढ्या आपल्या रानात आहेत, त्यांचे जिवाणूही इथलेच. एका गटाचे जिवाणू या साऱ्यांना थोडेफार चालतात. सोयाबीन मात्र चीनकडचं पीक. ते आपल्याकडे मोठ्या प्रमाणात पसरलं गेल्या चाळीसेक वर्षांत. त्याचा खास जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, इथल्या मातीत मुळात नव्हता. ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच पडतंय, तिथे पाकीट न लावणं म्हणजे बी पेरून पावसाला नको म्हणणं.

पण तुमच्या रानात पंधरा-वीस वर्षं सोयाबीनच असेल, तर मागच्या हंगामांतले जिवाणू मातीत टिकून असणार आणि पाकिटाचा फरक पहिल्या वर्षाइतका डोळ्यांत भरणार नाही. मग दरवर्षी कशाला लावायचं? कारण जुने जिवाणू उन्हाळाभर चाळीस-बेचाळीस अंशांत कोरड्या मातीत काढतात. जे तगून राहतात ते चिवट असतात, कामसू असतीलच असं नाही. गाठ धरायला पुढे, नत्र द्यायला मागे, अशी मंडळी त्यांत बरीच. ब्राझीलने हे ओळखून सोयाबीनचं अख्खं गणित जिवाणूंवर बसवलं. मातीतल्या जिवाणूंच्या शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी तिथे १९६० च्या दशकात आग्रह धरला की वाणांची निवड नत्र खत न टाकता, गाठींच्या भरवशावर करायची. पुढे त्याच वाटेवर काम केलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथले बहुतेक शेतकरी जुन्या सोयाबीनच्या रानातही दरवर्षी जिवाणू लावतात आणि युरियाची गोणी सोयाबीनला दाखवतही नाहीत.

आता पाकिटाकडे येऊ. बोगस होतं का, हे पाकीट न तपासता मी सांगू शकत नाही, पण हिशोब सांगते. जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आली. त्याप्रमाणे भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी. २५० ग्रॅमच्या पाकिटात म्हणजे १,२५० कोटी. ते तुम्ही दहा किलो बियाण्याला लावता. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर दहा किलोत ८३ हजारांच्या आसपास दाणे येतात. दर दाण्याच्या वाट्याला दीड लाख जिवाणू. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला किमान एक लाख तरी लागतात. म्हणजे नियमात बसणारं, ताजं, नीट पाकीटसुद्धा काठावर पास होणारं आहे. यातले निम्मे दुकानात मेले, उरलेल्यांतले निम्मे औषधाने मेले आणि काही पेरणीच्या पेटीच्या तळाशी गळाले की रानात जायला उरतं काय?

दुकानातला मृत्यू सगळ्यात सोपा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या थप्पीवर, कीटकनाशकांच्या शेजारी पाकिटांचा खोका पडलेला असतो. पाकिटावरची तारीख चालू असते, आतला माल संपलेला असतो. मी प्रयोगशाळेत नवीन होते तेव्हाची गोष्ट. अशाच एका खोक्यातला नमुना प्लेटवर (जिवाणू वाढवून बघायच्या बशीत) लावला आणि दुसऱ्याच दिवशी प्लेट चकचकीत वसाहतींनी भरली. मी खूश, काय जोमदार माल आहे! आमच्या वरिष्ठांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "सोयाबीनचा जिवाणू दुसऱ्या दिवशी उठतो का गं?" तो मुळात संथ. त्याचा ठिपका दिसायला चार-पाच दिवस जातात, वसाहत डोळ्यांत यायला आठवडा. दुसऱ्या दिवशी उठून बसलेले सगळे उपरे होते, आणि आठव्या दिवशीही त्यांच्या गर्दीत आमचा पाहुणा कुठे नव्हता. तेव्हापासून भराभर वाढणारी प्लेट दिसली की मला धसका बसतो. नुसतं 'जिवाणू आहेत' याला अर्थ नसतो, कोणते आहेत हे विचारायचं. तुम्ही पाकीट घेताना निदान तीन गोष्टी बघा: पाकिटावर पिकाचं नाव सोयाबीन आहे ना, मुदत पुढे किती उरली आहे, आणि दुकानदाराने खोका ठेवला कुठे होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, डोकावून बघा.

दुसरा मृत्यू तुमच्या ओसरीवर होतो. तुम्ही लिहिलंय की थायरम आणि रायझोबियम 'एकदमच चोळलं, वेळ वाचला.' दादा, तिथेच घोळ झाला असणार. थायरम किंवा कार्बोक्सिन-थायरमसारखं बुरशीनाशक ओलं असताना त्याच पाटीत जिवाणू टाकले तर काही तासांत त्यांतले बरेचसे जातात. क्रम लक्षात ठेवा: आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. पहिली दोन कामं आदल्या दिवशी किंवा त्याआधीच उरकून बी सावलीत सुकवा. जिवाणू लावायचे पेरणीच्या दिवशी सकाळी, सावलीत, आणि दोन-तीन तासांत पेरता येईल एवढ्याच बियाण्याला. रासायनिक औषध लावलेलं बी असेल तर मी पाकिटं दुप्पट घ्यायला सांगते, वरच्या हिशोबावरून का ते कळलं असेल. रोगाच्या बुरशीवर उतारा म्हणून बियाण्याला लावतात त्या ट्रायकोडर्माशी रायझोबियमचं भांडण नाही. पण ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी आहे, तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक लावणारेही मला भेटलेत.

गुळाचं पाणी करता ना? ते पूर्ण थंड झाल्यावरच पाकीट त्यात मिसळा. कोमट पाण्यातसुद्धा नको. आणि पाणी बेताचं. हरभऱ्याच्या सवयीने सोयाबीन ओलं करून जोरात चोळलं तर त्याची पातळ साल सुटते, डाळ मोकळी होते आणि गाठी राहू द्या, उगवणच मार खाते. बियाण्यावर भुकटीचा काळसर हात फिरल्यासारखा दिसला की पुरे. बी ओलसर हवं, भिजलेलं नको. पाटीत हाताने रगडण्यापेक्षा गोणपाटावर पसरून चारी टोकं धरून घोळवा.

तिसरा मृत्यू तिफणीमागे होतो. मृगाचा एक सडाका पडला की सगळ्यांची घाई सुरू होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) आल्याशिवाय पेरू नका, असं विद्यापीठं सांगतात ते दुबार पेरणी टाळायला, पण जिवाणूचाही जीव त्यावरच आहे. वर तापलेली कोरडी माती आणि आठ दिवसांचा खंड, यात बी एखादे वेळेस तगून उगवतं, त्याच्या अंगावरचा जिवाणू तगत नाही.

आता पिवळी पानं. शेजाऱ्याचं ऐकण्याआधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात, पाणी साचल्यावर हे हमखास होतं. त्याला युरियाचा उपयोग नाही. पाण्याला वाट काढून द्या. वाफसा आला की बहुतेक वेळा शेंडा आपोआप हिरवा होतो, नाही झाला तर अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी करा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, तेही शेतात इथे-तिथे एखाद्याच झाडावर असतील तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीने आणलेला. ते झाड मात्र जरूर उपटा आणि नष्ट करा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होत वर चढत असतील, तरच नत्राची शंका घ्यायची. आणि तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास अख्खं रान किंचित फिकं दिसणं हेही बऱ्याचदा नुसतं संक्रमण असतं. दाण्यातला आणि खतातला नत्र संपत आलेला, गाठी पुरत्या लागायच्या असतात. याच आठ दिवसांत लोक घाबरून युरिया टाकतात.

टाकला तर काय होतं? मुळाला आयता नत्र मिळाला की झाड गाठींना साखर देणं बंद करतं. नवीन गाठी धरत नाहीत, असलेल्या ढिल्या पडतात, वर पाला माजतो. सोयाबीनची खरी भूक शेंगा भरताना असते. दहा क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांतच साठेक किलो नत्र असतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत तो पावणेएकवीस किलो, म्हणजे नुसत्या दाण्यांत तीन गोण्यांचा नत्र झाला. पाला, खोड, मुळं वेगळीच. ही भूक एका गोणीने भागत नाही. त्या एका गोणीने तुम्ही भागवणाऱ्यांना मात्र घरी बसवता. पेरणीच्या वेळी हेक्टरी ३० ते ५० किलो नत्राची शिफारस असते तेवढा ठीक. तुम्ही एकरी एक गोणी डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेलं खत) टाकलंय, त्यातून एकरी ९ किलो गेलेला आहेच.

तरीही माझं युरियाशी वैर नाही. दहा-बारा ठिकाणी खणल्यावर निम्म्याहून जास्त झाडांना गाठीच नसतील किंवा फोडल्यावर पांढऱ्याच निघत असतील, आणि खालची पानं खरोखर पिवळी पडत असतील, तर यंदापुरता जिवाणूचा नाद सोडा. फुलं लागताना अर्धी गोणी, पंधरा दिवसांनी अर्धी, एकरी एवढा युरिया वाफशावर द्या. उपाशी झाडाला तत्त्वज्ञान शिकवून शेंगा भरत नाहीत. गाठी कमी पण लाल असतील, तर मात्र हात आवरा. पाणी साचू देऊ नका, कोळपणीने माती मोकळी ठेवा, कारण गाठीला हवा लागते आणि चिकट झालेल्या काळ्या मातीत ती गुदमरते. पुढच्या वर्षी रुंद वरंबा-सरीवर पेरलंत तर हा त्रास निम्मा होईल.

एक गैरसमज जाता जाता. 'सोयाबीन जमिनीला नत्र देऊन जातं' असं सर्रास म्हणतात. पीक जोरदार आलं तर बांधलेला नत्र बहुतेक सगळा दाण्यात जातो आणि दाणा बाजारात. वर भुसकट विकलं किंवा पेटवलं की जमिनीच्या हाती फारसं काही राहत नाही, कधी उलटं देणंच निघतं. पानगळ आणि मुळं काय देतील तेवढंच. म्हणून सोयाबीनवर हरभरा घेताना 'गाठी तर होत्याच' या भरवशावर राहू नका. हरभऱ्याचा जिवाणू निराळा, मेसोरायझोबियम. सोयाबीनचं उरलेलं पाकीट त्याला लावलंत तर ते लाकडाला पाणी घातल्यासारखं आहे. दोघांच्या गाठीही बघून ओळखता येतात, सोयाबीनच्या वाटाण्यासारख्या गोल, हरभऱ्याच्या बोटं फुटल्यासारख्या वेड्यावाकड्या.

आणि दुकानदाराचं खरं की माझं, हे पुढच्या खरिपात तुम्हीच ठरवा. चार एकरांत मधोमध सहा तासं बिनपाकिटाची ठेवा, बाकी बियाणं, खत, दिवस सगळं तेच. पंचेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची दहा-दहा झाडं खणून गाठी मोजा, काढणीला दोन्हीकडचं सारख्या लांबीचं तास वेगळं मळून तोला. फक्त पेरताना बिनपाकिटाची तासं आधी घ्या, पाकिटाची मागून. उलटं केलंत तर पेटीला आणि नळ्यांना चिकटलेले जिवाणू त्या सहा तासांत जातील आणि तुम्ही मला सांगाल की काही फरकच पडला नाही.